सोप्यातली सरस्वती फ्लॅटमध्ये आणताना: जुन्या चित्राभोवती खोली कशी मांडायची

आत्तीचं कोल्हापुरातलं शिवाजी पेठेतलं घर पाडायला काढलं तेव्हा सामानाच्या वाटण्या झाल्या. तांब्याचा बंब, शिसवी पलंग, पितळी डबे यांना लगेच धनी मिळाले. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीच्या भागात, दारावर तिरकी टांगलेली सरस्वती मात्र कुणी मागितली नाही. काचेवर कुंकवाचे डाग, मागे कोळिष्टकं, चौकटीचा एक कोपरा वाळवीनं पोखरलेला. मी ती रंकाळा तलावाच्या बाजूला असलेल्या आमच्या फ्लॅटवर आणली आणि हौसेनं सोफ्याच्या वर ठोकून दिली. महिन्याभरात लक्षात आलं की चित्र देखणं आहे, सोफाही बरा आहे, पण खोलीचं पार रुखवत झालंय. जी ती वस्तू आपल्याकडं बघा म्हणून ओरडतेय.

त्यानंतर ती खोली मी दोनदा मोडून मांडली. त्यातनं जे हाती लागलं ते क्रमानं सांगतो. क्रम सोडू नका. सगळे रंगापासून सुरुवात करतात, मीही केली. सुरुवात भिंतीच्या ओलीपासून करायला हवी होती.

आपल्याकडं नेमकं काय आहे?

कोल्हापुरातल्या जुन्या घरात भिंतीवर जे सापडतं ते बहुधा चारांपैकी एक असतं: शिळाछापावरचं (दगडावरून छापलेलं) देवादिकांचं चित्र, नंतरच्या काळातलं कॅलेंडर, हातानं रंगवलेला पणजोबांचा फोटो, किंवा खरोखरचं तैलचित्र नाहीतर जलरंग. चौथा प्रकार इथं दुर्मिळ समजू नका. आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार होते. बाबूराव पेंटर सिनेमाकडं वळले तरी मुळात पेंटरच. त्यांच्यामागून या गावात चित्रकारांच्या पिढ्या झाल्या. त्यामुळं आजोबांचं काळवंडलेलं व्यक्तिचित्र असेल तर खालचे दोन्ही कोपरे टॉर्च तिरका धरून बघा. सही निघाली तर पुढं काहीही करण्याआधी जाणकाराला दाखवा आणि हा लेख तोवर बाजूला ठेवा.

माझी सरस्वती पहिल्या प्रकारातली. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढं तो कार्ल्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडं त्याची मालकी आली. एकेका रंगासाठी वेगळा दगड, त्यावर तेलकट शाईनं काम, मग एकाच कागदावर एकामागून एक छाप. वरून वार्निश चढवलं की चित्र तैलरंगासारखं चमकायचं. पैठणी नेसलेल्या देवता गरिबाच्या भिंतीवर पोचल्या त्या या दगडांमुळं.

ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. जुन्या शिळाछापात रंगाचे कण वेडेवाकडे, वाळू सांडल्यासारखे दिसतात. ऑफसेट छपाईत ठिपके ओळीनं, जाळीसारखे असतात. जाळी दिसली तर चित्र अलीकडचं आहे किंवा जुन्याची नक्कल आहे. तरीही ते लावायला हरकत कसली? आजीच्या खोलीतलं चित्रकार मुळगावकरांचं कॅलेंडर ऑफसेटचं असलं म्हणून त्याची गोडी कमी होत नाही. फक्त त्यासाठी महागडी काच घ्यायची का, ते ठरवता येतं.

मागच्या फळीला चिकटवलेल्या वर्तमानपत्रावरून चित्राचं वय काढू नका. त्यावरून चौकट कधी घातली तेवढंच कळतं.

आणि एक कायद्याची गोष्ट, कारण अमेरिकेतल्या भाच्यानं हे चित्र मागितलं होतं. 100 वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती अशी सहज देशाबाहेर पाठवता येत नाही. भाच्याला फोटो पाठवला.

चौकट उघडणं

हे काम फ्रेमवाल्यावर सोपवलंत तरी समोर बसून राहा. आमच्याकडं दुसरंही एक चित्र होतं. ते मी एका दुकानात टाकून निघून आलो. संध्याकाळी घ्यायला गेलो तर नवीन चौकटीत बसावं म्हणून खालची पट्टीच कापलेली, जिच्यावर छापखान्याचं नाव होतं. वर पाठीमागून फेव्हिकॉल लावून ते प्लायवर पक्कं केलेलं. त्या माणसानं मनापासून काम केलं होतं, हेच जास्त लागलं. तेव्हा कामाला देण्याआधी कागदावर लिहून द्या: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, लॅमिनेशन करायचं नाही.

घरी उघडणार असाल तर टेबलावर धुतलेली सुती चादर अंथरा आणि चित्र पालथं ठेवा. मागचे गंजके खिळे पकडीनं एकेक सरळ वर ओढा, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका. जुनी फळी ठिसूळ असते आणि तिचा तुकडा थेट कागदात घुसतो. फळी निघाली की काच उचलून बघा. कागद कुठंही काचेला चिकटलेला दिसला तर तिथंच थांबा. ओढलात की रंग काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. असं चित्र काचेसकट संवर्धन करणाऱ्याकडं गेलं पाहिजे.

सुटं निघालं तर फक्त मऊ कोरड्या ब्रशनं, मधून कडेकडं, हलक्या हातानं धूळ काढा. ओला फडका नको. बटाट्याचा काप, पावाचा गर, रॉकेल ही घरगुती औषधं दुसऱ्याच्या चित्रावर करून बघा. वार्निश पिवळं पडलेलं असेल तर पडू दे. तो पिवळेपणा पुढं रंग निवडताना कामाला येतो.

परत बसवताना जुनी फळी वापरू नका. लाकडातलं आम्ल कागदात उतरतं आणि तपकिरी पट्टे पडतात. जुन्या चित्रांवर फळीच्या सांध्याची सावली उमटलेली असते ती त्याचीच. ॲसिड-फ्री माउंट बोर्ड (आम्ल नसलेला जाड पुठ्ठा) मागून आणि पुढून घाला. पुढच्या माउंटमुळं कागद आणि काच यांच्यात फट राहते. पावसाळ्यात काचेला आतून दव धरतं, ते या फटीमुळं कागदाला लागत नाही. चित्रातल्या देवीला जरी, टिकल्या, खरं कापड शिवलेलं असेल (कोल्हापूरच्या घरांत मी अशी दोन-तीन पाहिली) तर खोल पेटीसारखी चौकट करून घ्यावी लागते. साध्या काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक मिळतं. महाग पडतं, पण हलकं असतं. मात्र जरीच्या चित्राला किंवा रंग सुटत असलेल्या कागदाला ॲक्रिलिक नको, पुसताना त्यात स्थिर वीज येऊन कण ओढले जातात.

मूळ चौकट शक्यतो टाकू नका. माझा पोखरलेला कोपरा सुतारानं सागवानाचा सांधा देऊन नवा केला. कीडनाशक चित्र काढलेल्या रिकाम्या चौकटीला लावलं आणि वास पूर्ण जाईपर्यंत ती गच्चीवरच्या खोलीत ठेवली. सोनेरी पेंट मारून देऊ का असं सुतार विचारतोच. नाही म्हणा.

भिंत

रंकाळ्याकडून पावसाचा मारा पश्चिमेनं येतो. आमच्या फ्लॅटची पश्चिमेची भिंत ऑगस्टमध्ये हाताला गार लागते आणि गणपतीपर्यंत कोपऱ्यात पोपडे येतात. मी पहिल्यांदा चित्र लावलं ते नेमकं याच भिंतीवर, कारण सोफा तिथं होता.

तपासायची सोपी रीत आहे. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूनं पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय आणि ती भिंत बाद. खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर हवाच ओली आहे, त्याचा बंदोबस्त वेगळा. ही परीक्षा जुलैत करा. मार्चमध्ये सगळ्याच भिंती गुणी असतात.

बाथरूमला पाठ लावून असलेली भिंत नको, स्वयंपाकघराच्या दारासमोरची नको. फोडणीचा धूर काचेवर बसतोच आणि फटीतून आतही जातो. ऊन थेट पडणारी जागा तर नकोच. कागदावर उन्हानं झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. संग्रहालयात कागदावरच्या कामाला साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) पुढं प्रकाश देत नाहीत. घरात एवढा अंधार आपण ठेवणार नाही, पण दुपारी चित्राच्या जागी वर्तमानपत्र धरून बघा. उन्हाची तिरीप त्यावर येत असेल तर जागा बदला.

वाड्यात राहणाऱ्यांना एक वेगळी अडचण. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर पुट्टी आणि ॲक्रिलिक रंग चढवला की भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल दुसरीकडून फुटते. तिथं चुन्याचाच हात द्यावा. खिळाही थेट मातीत ठोकू नये. भोक पाडून लाकडी गुटका बसवायचा आणि त्यात हूक फिरवायचा. फ्लॅटच्या विटेच्या भिंतीला ड्रिल आणि रावल प्लग पुरतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला मात्र त्याच ब्लॉकसाठीचा प्लग मागून घ्या. काचेसकट जुनी सागवानी चौकट चार-पाच किलो सहज भरते. म्हणून एक खिळा आणि सुतळी यांवर भरवसा नको. दोन हूक, दोन कड्या, स्टीलची तार. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यात पाव इंच हवा खेळते. सगळ्या लेखातली सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच आणि सगळ्यात जास्त उपयोगाचीही.

उंची

जुन्या घरात चित्रं दारावर, तुळईच्या खाली, पुढं झुकवून टांगत. त्याला कारण होतं. खाली जाजमावर बसलेल्या माणसाला मान वर करून बघताना काचेवर चमक येऊ नये, म्हणून तो झोक. फ्लॅटचं छत नऊ-दहा फुटांचं, आपण बसतो सोफ्यावर. तिथं तीच उंची ठेवली तर चित्र छताला चिकटल्यासारखं दिसतं.

उभं राहून बघायच्या जागी चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंमीवर ठेवा. बसून बघायचं असेल तर 125–130 वर आणा. खाली पेटी किंवा सोफा असेल तर तिच्या वरच्या कडेपासून चौकटीपर्यंत 15–20 सेंमी. यापेक्षा जास्त अंतर झालं की दोघांची ओळख तुटते.

हे आकडे मी नंतर शिकलो. त्याआधी 'पुढारी' वर्तमानपत्राची पानं चौकटीच्या मापाची जोडून भिंतीवर चिकटवली आणि चार दिवस तशीच ठेवली. सकाळी चहाच्या वेळी, रात्री जेवताना नजर कुठं जाते ते बघत राहिलो. पहिल्या दिवशी योग्य वाटलेली जागा तिसऱ्या दिवशी हातभर खाली आली. शेवटी सोफ्याच्या वरची जागा सोडून चित्र समोरच्या आतल्या भिंतीवर गेलं, कारण सोफ्याच्या वर लावलेलं चित्र पाहुण्याला दिसतं, घरच्याला दिसत नाही.

शंका असेल तर एक दुपार टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आणि एक राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलादालनात घालवा. चित्रं बघाच, पण शेजारच्या दोन चित्रांत भिंत किती मोकळी सोडलीय तेही बघा.

रंग, जिथं मी दोनदा आपटलो

पहिल्यांदा भिंत पांढरीशुभ्र केली. चित्र उठून दिसेल असं वाटलं. झालं उलटं. शंभर वर्षांचा पिवळसर कागद त्या पांढऱ्यावर मळकट दिसायला लागला, जणू धुवायला राहिलेला शर्ट.

दुसऱ्यांदा शहाणपणा केला. सरस्वतीजवळच्या मोराचा निळा उचलला आणि एक भिंत मोरपंखी, चार उशा मोरपंखी केल्या. मोर गायब! चित्रातला जो रंग थोडासाच असतो तोच डोळ्याला खेचतो. तो बाहेर ढीगभर आणला की आतला फिका पडतो.

मग आमच्या ओळखीच्या एका ड्रॉइंग मास्तरांनी एकच सांगितलं, डोळे बारीक करून बघ. बघितलं. लुगड्याचा पांढरा, जरीकाठ, मोर सगळं विरघळलं आणि उरला तो मागच्या पाण्या-झाडीचा शेवाळी, राखेत कालवल्यासारखा हिरवा. चित्रात सगळ्यात जास्त जागा त्यानंच व्यापलेली आणि नाव मात्र कुणी घेत नाही. भिंत त्याच कुळातली, पण दोन छटा फिकी घेतली. मॅट, चमक नसलेली. त्या भिंतीवर लुगडं पहिल्यांदा पांढरं दिसलं.

तुम्ही करताना दुकानातल्या कार्डावरच्या चौकोनावरून ठरवू नका. दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर रंग मारून चित्राशेजारी टेकवा आणि सकाळी, चार वाजता आणि रात्री दिव्यात बघा. ट्यूबलाइटमध्ये हिरवा करडा होतो. पडद्याला इचलकरंजीचं साधं, ब्लीच न केलेलं सुती कापड घेतलं. पुतण्या म्हणाला, पोत्यासारखं दिसतंय. त्या मळकट-पांढऱ्यात आणि कागदाच्या पिवळेपणात मेळ आहे हे त्याला दोन दिवाळ्यांनी पटलं.

बाकीचं सामान

इथं थोडक्यात सांगतो, कारण इथं करायचं कमी आणि काढायचं जास्त. चित्राच्या भिंतीवर दुसरं काही नको. घड्याळ, कॅलेंडर, राऊटर, तोरण, सगळं हलवा. टीव्ही त्याच भिंतीवर असेल तर दोघांतलं एक जाणार आणि कोण जाणार ते सांगायला नको.

खाली आत्तीचीच सागवानी पेटी ठेवली, 110 सेंमी लांब. चौकट 60 सेंमी रुंद, म्हणजे पेटीच्या निम्म्याहून थोडी जास्त. हे प्रमाण डोळ्याला बरं वाटतं. पेटीवर एक समई, एका बाजूला. दोन समया दोन्हीकडं मांडल्या की देव्हारा होतो. जमिनीवर काळी घोंगडी. तिला वर्षातून दोनदा कडक ऊन दाखवा, नाहीतर कसर लागते आणि तिथून चित्राकडं पोचायला तिला वेळ लागत नाही.

जुनं चित्र आणलं की माणसाला जुन्याचा ताप चढतो. मग भिंतीवर कोल्हापुरी चपला, बैलगाडीचं चाक, कंदील, नथीची फ्रेम. अशी खोली बघितली की मला हॉटेलात बसल्यासारखी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची ऑर्डर द्यावीशी वाटते. चित्र जुनं आहे, तेवढं पुरे. सोफा आजचा असू द्या, साधा असू द्या.

दिवा 2700 ते 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा एलईडी, पाकिटावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा वर लिहिलेलं असेल तो. छतावरून 30 अंशांच्या तिरक्यानं सोडा, म्हणजे काचेवर आपलंच तोंड दिसत नाही. चौकटीला चिकटवायचे पितळी दिवे दिसतात छान, पण कागदाच्या फार जवळ येतात. हॅलोजन तापतो, नकोच. आणि खोलीत कुणी नसताना दिवा बंद.

फोटो की देव

हा प्रश्न सजावटीच्या पुस्तकात नसतो, घरात मात्र पहिल्या दिवशी येतो. आत्ती बघायला आली आणि दारातूनच म्हणाली, "आरं, देवीला हॉलमधी बसवलंस? हितं पोरं पाय पसरून लोळणार, जेवणार!"

"आत्ती, तुझ्या सोप्यात पण सगळे लोळायचेच की."

"सोप्यात ती वर हुती. आता तोंडासमोर आलीया."

तिचं खरं होतं. उंची खाली आणली की नातं बदलतं. आमच्याकडं तोडगा निघाला तो असा. कुंकू काचेला लावायचं नाही, कारण ते पाण्यात कालवून लावतात आणि पाणी चौकटीच्या खोबणीत उतरतं. पेटीवर पितळी ताटली ठेवली, कुंकू-अक्षता तिच्यात. उदबत्ती खिडकीपाशी, चित्राखाली नाही. काच पुसायची तर फडक्यावर फवारा मारून, काचेवर कधीच नाही. हार चौकटीवर घालायचा नाही, ओल्या झेंडूचं पाणी मागच्या माउंटपर्यंत जातं. हारासाठी चौकटीच्या बाहेर, भिंतीवर दोन छोटे हूक लावले, कडेपासून दोन बोटं दूर.

पावसाळ्याचं वेळापत्रक

मृग लागायच्या आत एकदा चित्र उतरवून मागची बाजू बघायची: वाळवीची मातीची रेघ, बुरशीचे ठिपके, तार सैल झालीय का. खोलीत दमटपणा मोजायचं छोटं यंत्र ठेवलंय. काटा 65 टक्क्यांच्या पुढं बरेच दिवस राहिला की बुरशी धरते, आणि जुलैत इथं तो 80 च्या वर सहज जातो. दाराखिडक्या बंद करून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालवणं उत्तम. तो नसेल तर पंखा चालू ठेवा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. एवढं करूनही जमत नसेल तर दोन महिने चित्र सुती कापडात गुंडाळून आतल्या कोरड्या खोलीत कपाटावर उभं ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका.

पंचगंगेच्या काठच्या लोकांना हे सांगायला नको, 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर तळमजल्यावर काही ठेवताना सगळेच विचार करतात. तरी, चित्र भिजलंच तर चौकट आडवी ठेवा, काच ओढू नका, उन्हात टाकू नका, सावलीत हवेशीर जागी ठेवून त्याच दिवशी जाणकाराला फोन करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी सुरू होते.

गेल्या दसऱ्याला आत्तीनं स्वतः हार आणला. हुकांकडं बघितलं, हार लावला, दोन पावलं मागं येऊन चष्मा पुसला आणि म्हणाली, "जरा डावीकडं घे." डावीकडं घेतला. रात्री जेवणं झाल्यावर हार काढून कुंडीत टाकायला मात्र तिनंच आठवण केली.